रविवारी सोनारीला, स्वतः चालवत

४ डिसेंबर, सोमवार
गाडी पुन्हा बंद. उमरग्याच्या चौकात, हायवेवर, मागे ट्रकांची रांग. ढकलायला तिघे आले. पैकी दोघे माझे विद्यार्थी, विज्ञानात काठावर पास केलेले. ढकलताना हसत होते.
ह्यांनी निकाल दिला: रविवारी गाडी सोनारीच्या काळभैरवापर्यंत न थांबता गेली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारात. मान्य केलं. १९९८ची गाडी, माझ्या पगारातून घेतलेली. पंचवीस वर्षं मीच चालवते. ती मला दगा देणार नाही.

५ डिसेंबर, सकाळी ६.३०
निदान झालं. दोष इंजिनात नाही. वायरींच्या कनेक्टरवर मळ बसला की रोध वाढतो, करंट कमी होतो. एकतीस वर्षं दहावीला हेच शिकवलं. मेकॅनिक गुंडप्पाची गरज नाही. मागच्या वर्षी त्यानं हात लावला, तेव्हापासूनच बिघाड आहे.
संकल्प: रोज चार कनेक्टर.

दुपारी
बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवली. नियमानं. घासायला ह्यांचा टूथब्रश घेतला, जुना समजून. एकच कनेक्टर झाला. उद्या सात.

६ डिसेंबर
पाच झाले. क्लीनरचा स्प्रे संपला. फ्यूजबॉक्सखालच्या मोठ्या कनेक्टरवर लाल, कडक थर आहे. कंपनीनं लावलेलं ग्रीस दिसतं. पूर्वी वस्तू मनापासून बनवत. त्याला हात लावला नाही.

७ डिसेंबर
गाडी सुरू झाली. गल्लीच्या टोकापर्यंत. शिवाय इंडिकेटर दिला की हेडलाइटही लुकलुकतात. ह्यांनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. ते बोलण्यापेक्षा वाईट.
नणंदेचा फोन. तारामतीवन्सं विचारत होत्या, रविवारी एसटीची तिकिटं काढून ठेवू का. म्हणजे बातमी घरातूनच फुटली.

८ डिसेंबर
आता खात्री झाली. ह्यांना गाडी नको आहे, गुंडप्पाला तिचे सुटे भाग हवे आहेत. तिला जीव लावणारी मी एकटी. बॉनेटवर हळदीची बोटं ओढून मोकळं होणाऱ्यांतली मी नाही. दर दसऱ्याला बॉनेट उघडून आत पूजा करते. नारळही आतच वाढवते, पाणी सगळीकडे शिंपडते, कोपरा सोडत नाही.

९ डिसेंबर, शनिवार
घात. मला न विचारता ह्यांनी गुंडप्पाला बोलावलं. मी अंगणातच त्याला सुनावलं: मागच्या वर्षी काय करून ठेवलंस ते आधी सांग. त्यानं थेट तो लाल थराचा कनेक्टर उचकटला. ते कंपनीचं ग्रीस आहे, असं मी बजावलं. त्यानं नखानं खरवडलं, वास घेतला आणि बोट माझ्यापुढं धरलं.
"मॅडम, ह्ये ग्रीस न्हाय. कुंकू हाय. नारळाच्या पाण्यात कालवल्यालं. लई वर्षांचं. आतल्या पिना खाल्ल्या की त्यानं."
असा कनेक्टर आता कुठं मिळत नाही, असंही म्हणाला.
हे वाकून बघायला लागले. दसऱ्याला पूजेचं तबक हेच धरून उभे असतात. पंचवीस वर्षं. एकदाही बोलले नाहीत.

१० डिसेंबर, रविवार
सोनारी. एसटीनं, दोनदा बदलून. खिडकी तारामतीवन्संना मिळाली. पुजाऱ्यानं दरवेळसारखी गाडीसाठी म्हणून कुंकवाची पुडी दिली. मी ती ह्यांच्या खिशात ठेवली.
येताना ह्यांनी विचारलं, भंगारवाल्याला उद्या किती वाजता बोलावू. दहा म्हटलं. त्याआधी गाडी पुसायची आहे.
फक्त बाहेरून.