ओढ्याचा गळा

कोळवण, मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस वही उघडली नाही, त्याची माफी. आज मात्र लिहायलाच हवं.

वरच्या फार्महाउसवाल्याने ओढ्यात भिंत घातली. माझं भात ऐन पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात, आणि पाणी बंद. ग्रामपंचायतीत तक्रार सांगितली, "वड्याचा गळा दाबलाय."

कारकून हसला. "आजोबा, ओढ्याला गळा नसतो." लिहिलेला 'गळा' खोडून त्याने लिहिलं, 'प्रवाहास किरकोळ अडथळा'.

किरकोळ! तरी सही करणारच होतो. तेवढ्यात वरची ओळ दिसली, त्याच्याच हातची. 'पीक पोटरीत.'

"भाताला पाय न्हाईत, तरी पोटरी लिवलीस. मग वड्याला गळा का न्हाई?"

"पोटरी सरकारी शब्द आहे, आजोबा."

"मग गळाबी सरकारी कर. त्याबिगर सही न्हाई."

सही न करताच उठलो. चुकलं का? मी चौथी शिकलेला. हट्टापायी तक्रारच बुडाली तर? भात पोचट जाईल. पण अडथळा काय, सवडीने काढतात. दाबलेला गळा आत्ताच सोडवावा लागतो. उद्या कचेरी उघडायच्या आधी दारात बसतो. गळाच लिहून घेणार.

ओढ्या, मोकळा झालास की लगेच आवाज दे रे. वाट बघतोय.