सतरावं छिद्र

ती. बाबांना,
वाकून नमस्कार. मी मजेत आहे, दोन वेळा नीट जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही लिहिलंत, "पाच नोकऱ्या सोडल्यास, सहावी कधी?" तर ऐका. इथे विमानाच्या पंखाचा माझ्या उंचीएवढा नमुना आहे. त्यावर चाळीस बारीक छिद्रं आहेत. वारा पंखाची साथ सोडून भरकटू लागला (तुम्ही माझंच नाव घ्याल), की त्या छिद्रांतून हवेचे फवारे सुटतात आणि त्याला पुन्हा पंखाला धरून वाहायला लावतात. प्रत्येक छिद्र फुंकतंय का, हे मी ओठ जवळ नेऊन बघते. बोटाला ते कळत नाही.

सतरावं छिद्र अडखळतंय. साहेब म्हणाले, "संगणकावर चाळीसही ठीक दिसतात. तू दहावी नापास, तपासणीच्या कागदावर मुकाट सही कर."

मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच ओठ नेऊन बघा." सगळे हसले, साहेब सोडून.

"उद्या सही, नाहीतर घरी," म्हणाले.

एरवी असं कुणी बोललं की मी तडक पिशवी भरायचे. या वेळी भरलेली नाही. याच पंखावरून पुढे खरं विमान बनेल, त्यात माणसं बसतील. उद्या सकाळी आठला तो कागद बिनसहीचाच घेऊन मी पंखासमोर बसणार. हाकलायचं तर त्यांनी हाकलावं. मी स्वतःहून उठणार नाही, आणि तुम्ही बोलावलंत तरी येणार नाही.

आईला यातलं निम्मंच वाचून दाखवा.

तुमचीच,
धाकटी