पाठीवरचा हात

प्रिय बाबा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

आधी बातमी. तुझ्या गाडीत यायची होती ती नवी प्रणाली, गावातल्या रस्त्यावरही स्वतः स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळणारी, तिची मंजुरी लांबणीवर पडली आहे. उद्याच्या पेपरात येईलच. आमच्या वाहन-तपासणी खात्याचा शिक्का बसला असता, तर बाकीचे युरोपीय देश त्यावर मत देणार होते. तो बसला नाही, कारण चाचणी-अहवालावर सही करणाऱ्या तिघांपैकी एकाने हरकत नोंदवली. पेपरात नाव येणार नाही. ते नाव माझं आहे.

तू चिडशील हे मला माहीत आहे. मंगळवारी मक्कुम गावच्या सभागृहात या गाड्यांवर चर्चा झाली, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसले होते. तुला दिसले नाही. ‘माणूस दमतो, चिडतो, पेंगतो. गाडी यातलं काही करत नाही,’ असं तू ठणकावून सांगितलंस. शेजारच्या बाऊकेकाकाने विचारलं, ‘तुझ्या त्या गाडीला माझी गाय दिसते का, तेवढं सांग.’ तू म्हणालास, ‘तुझी गाय तुला तरी कुठे दिसते? दर वर्षी कालव्यातून ओढून काढावी लागते.’ सगळं सभागृह हसलं. मग तू रविवारची गोष्ट सांगितलीस. वळणावर गाडीने, आत्ता तिच्यात असलेल्या साध्या प्रणालीवरही, आपण होऊन बाजू कशी घेतली आणि एक आई आणि तिचा मुलगा कसे वाचले. टाळ्या पडल्या. मी कॉफी न घेता निघाले.

माझ्या हरकतीचं कारण तुला लगेच कळेल, इतरांना समजावताना मला दोन दिवस लागले. तू मला शाळेत सोडायचास तेव्हा बांधावरच्या रस्त्यावर वारा समोरून यायचा. तू माझ्या डावीकडून, रहदारीच्या बाजूने सायकल चालवायचास आणि उजवा हात माझ्या पाठीवर ठेवायचास. ढकलायचा नाहीस, नुसता टेकवायचास. वळण आलं की हात काढायचास आणि मी थोडी डगमगायचे. आपल्याकडे प्रत्येक मूल असंच मोठं होतं. आणि आमच्या चाचण्यांच्या यादीत एकटा सायकलस्वार होता, रस्ता ओलांडणारा होता, पडलेलाही होता. पाठीवर हात ठेवलेली जोडी नव्हती. यादी करणारे आम्ही सगळे इथलेच, रोज सायकलने कामावर येणारे. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट लिहून ठेवायची असते, हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, रविवारपर्यंत.

सोमवारी मी सायकलवर बसवलेले दोन पुतळे मागवले, एक मोठा, एक लहान, आणि मधे हात बांधला. बारा फेऱ्या घेतल्या. नऊ ठीक. तीन वेळा गाडीने त्या दोघांना मिळून एकच रुंद सायकलस्वार मानलं, आणि हात सुटून लहान पुतळा बाजूला झाला तेव्हा ब्रेक उशिरा लागला. कंपनीचा माणूस म्हणाला, ‘अहो, असं सायकल चालवतं कोण?’ आमचे साहेब उठून खिडकीशी गेले आणि त्याला बोलावून खाली रस्ता दाखवला. शाळा सुटायची वेळ होती.

माझ्या वडिलांकडे याच कंपनीची गाडी आहे आणि ते या मंजुरीची वाट पाहत आहेत, हेही मी साहेबांना लेखी दिलं. त्यांनी विचारलं, ‘घरी काय म्हणतील?’ मी म्हटलं, अजून सांगितलेलं नाही.

बाबा, रविवारी गाडीने काही केलं नाही. तू दाराच्या कप्प्यात ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची डबी शोधत होतास. डावीकडून सायकलींवर ती दोघं आली, आईचा हात मुलाच्या पाठीवर. तू मान वर केलीस, सरळ त्यांच्याकडे पाहिलंस, आणि पुन्हा डबीकडे वळलास. गाडी वेग कमी करत नव्हती. शेजारच्या सीटवरून स्टिअरिंग मी ओढलं. उजवी चाकं गवतात गेली तेव्हा तू म्हणालास, ‘बघितलंस? गाडीच शहाणी.’ मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी आईच्या कुंड्यांचा विषय काढला. तू मंगळवारी उभा राहून ती गोष्ट सांगितलीस, याला मीही जबाबदार आहे.

त्याच संध्याकाळी बिस्किटांच्या डब्याखाली डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र सापडलं. मी वाचलं. डावीकडची नजर जवळजवळ गेली आहे, गाडी चालवू नये, असं त्यात आहे. तारीख मार्चची आहे. मला तू नवा चष्मा घेतल्याचं सांगितलं होतंस. ही प्रणाली येईपर्यंत कसंतरी निभावायचं आणि मग गाडी बघेल, असा तुझा हिशेब असणार. पण ती मंजूर झाली असती तरी पाहायचं काम चालवणाऱ्याचंच राहिलं असतं. नियमाचं पहिलंच वाक्य ते आहे. गाडी नसेल तर बोल्स्वर्डच्या वृद्धाश्रमात आईकडे रोज कसं जायचं, हा तुझा खरा प्रश्न आहे. त्या खोलीत ती तीन वाजल्यापासून दाराकडे बघत बसते, हे मलाही माहीत आहे.

म्हणून हे पत्र. मला तुझी तक्रार करता येते. अर्ज भरून माझ्या टेबलावर ठेवला आहे, पाठवलेला नाही. तो पाठवायची वेळ माझ्यावर आणू नकोस. परवाना तू स्वतः परत कर. सोमवार ते शुक्रवार बाऊकेकाका तुला नेईल. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, ‘नेतो की. पण वाटेत गायीबद्दल एक अक्षर काढायचं नाही.’ शनिवारी मी येते. दहा किलोमीटर आहे, आपण सायकलने जाऊ. जाताना वारा पाठीशी असेल, येताना समोरून. तुझ्या डावीकडून मी चालवीन. हात माझा असेल.

तुझीच,
रेन्स्के