आता लक्ष पावलांकडे

सोमवार, ४

नवीन नोकरीचा पहिला दिवस छान गेला. छान हा शब्द लिहून बरेच दिवस झाले, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

जागा चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. आतल्या मोठ्या खोलीत आठ निळ्या चटया, दाराशी माझं टेबल. खिडकीतून समोरच्या लॉन्ड्रीची वाफ दिसते. इथे सोळा ते वीस वर्षांची मुलं येतात. कोणाचा परीक्षेआधी दम कोंडतो, कोणाला महिनोन्‌महिने झोप नाही. प्रशिक्षक बाई त्यांना डोळे मिटून बसवतात आणि पावलांपासून वर वर एकेका अवयवाकडे लक्ष न्यायला शिकवतात. काही बदलायचं नाही, काही ढकलायचं नाही. जे येईल ते येऊ द्यायचं, नुसतं बघायचं. दर वाक्यामागे बाई सावकाश म्हणतात, म्हणून मुलांनी त्यांना सावकाशबाई करून टाकलंय. बाईंना ते माहीत आहे आणि आवडतंसुद्धा.

माझं काम नोंदीचं. सत्र संपलं की एकेक जण टेबलाशी येतो आणि कुठे काय जाणवलं ते सांगतो. त्याच्या कार्डावर शरीराची आकृती छापलेली असते, तिच्यातला तेवढा भाग मी पेन्सिलीने भरते. अकरा वर्षं घरांचे नकाशे काढले, तो बसलेला हात इथे कामी आला.

एक मुलगी सारखी गुणगुणत असते. सतरा वर्षांची. सगळे तिला गुणगुणीच म्हणतात. तिने मला गंभीर चेहऱ्याने विचारलं की ताई, तुम्ही हसलात तर त्याचीपण नोंद होते का? मी हसले.

ताई म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. धाकट्या भावाला जाऊन वर्ष झालं. खाणीच्या तळ्यात बुडाला. पाय घसरला की काय, कोणालाच सांगता आलं नाही. त्या दुपारी त्याचा फोन आला होता. मला कामाचा नकाशा द्यायचा होता, मी म्हटलं संध्याकाळी बोल. काय सांगायचं होतं त्याला, एवढंच मला कळायला हवं आहे. बाकी काही नको.

गुरुवार, ७

लांबू नावाचा उंच मुलगा आहे. टेबलाशी येऊन म्हणाला, पंखा बंद करत जा, पावलं गारठली. पंखा बंदच होता. मग बाकीच्यांनीही तेच सांगितलं. आठही जणांची पावलं गार. बाई म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे, मुलं खरंच लक्ष द्यायला लागली.

गुणगुणी शेवटी आली. म्हणाली, गंमत सांगू? उजव्या पायात ओला बूट असल्यासारखं वाटलं आणि डावा अनवाणी. मी लांबूला परत बोलावून विचारलं. त्यालाही तसंच वाटलं होतं, पण तुम्ही वेड्यात काढाल म्हणून बोलला नव्हता.

सगळे अनवाणीच बसतात. बूट जिन्यात असतात.

भावाला वर काढलं तेव्हा त्याच्या डाव्या पायात बूट नव्हता. हे मला ठाऊक आणि काढणाऱ्या माणसाला. मला भाऊ होता, हेसुद्धा मी इथे कोणाला सांगितलेलं नाही.

सोमवार, ११

आज गारवा गुडघ्याच्या वर. सगळे गेल्यावर आठ कार्डं शेजारी शेजारी मांडली आणि पट्टी लावली. कोणी बुटकं, कोणी उंच, कोणी घाबरून सांगतं, कोणी हसत. आणि आठही रेघा एकाच उंचीवर. टाकीतली पातळी आखावी तशा.

बाईंना दाखवायला उठले होते. तेवढ्यात लांबूच्या आईचा फोन आला, पोरगा सलग सहा तास झोपला म्हणून रडत होती. बाईंचा चेहरा इतका फुलला होता की मी कार्डं परत खणात ठेवली.

खोटं का लिहू? त्यासाठी नाही ठेवली.

गुरुवार, १४

कंबर.

आज कार्डावर नसलेला प्रश्न विचारला. गुणगुणीला म्हटलं, गारव्याबरोबर आणखी काही असतं का? ती म्हणाली, कोणीतरी आतून वर चढतंय ताई. त्याला काहीतरी सांगायचंय, पण तो अजून तोंडापर्यंत पोचला नाही.

मी हे कार्डावर लिहिलं नाही.

घरी येताना दोन गल्ल्या चुकले. तोंडापर्यंत. अजून तीन सत्रं, फार तर. मनात हिशेब चालला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

सोमवार, १८

छाती. सगळे खोकत होते. बाई म्हणाल्या, हवा बदलली आहे.

गुणगुणी जिन्यात माझी वाट बघत थांबली होती. म्हणाली, मी आता येणार नाही. घरी गेलं तरी गारवा उतरत नाही. गुणगुणायला गेलं की श्वास पुरत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणते, तुझी नेहमीची नाटकं. तुम्ही बाईंना सांगाल का माझ्याकडून? तिचे हात माझ्या हातात होते. बर्फासारखे.

जा म्हणायला हवं होतं. पळ म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं, ढकलू नकोस. येऊ दे. नुसतं बघ.

तिने मान डोलावली. म्हणाली, तुम्ही म्हणता तर येते.

जेवण गेलं नाही.

बुधवार, २०

बाईंची कंबर धरली. फोनवर म्हणाल्या, उद्या सुट्टी देऊ, नाहीतर मी सत्रात वाचते तो कागद तूच वाच, तुला पाठ झालाच असेल. फक्त एक लक्षात ठेव. आपण डोळे उघडा म्हटल्याशिवाय मुलं उघडत नाहीत, तशी सवयच लावली आहे त्यांना. तेव्हा मध्येच सोडून उठू नकोस.

सुट्टी द्या, एवढंच म्हणायचं होतं.

वाचते, म्हटलं.

गुरुवार, २१

चार वाजले. आठही जण आले. गुणगुणीसुद्धा. माझ्याकडे बघून हसली— त्या हसण्याची नोंद कुठे करू.

वही टेबलावर उघडीच ठेवली आहे. वाचनाच्या मधल्या विरामांत लिहिते. त्याचा शब्द न्‌ शब्द उतरवून घ्यायचा आहे.

पावलं वाचली. गुडघे. कंबर. घाई होते आहे, सावकाश म्हणायचं विसरले.

छाती म्हटलं आणि आठही जणांचे श्वास एकदम थांबले. मग एकदम सुरू. ओला आवाज.

गळा.

विराम मोठा आहे. लांबूची मान ताठ. गुणगुणी चटईची कड मुठीत धरून— ओठ निळे पडताहेत. ढकलत नाही. मी सांगितलं तसंच करते आहे, नुसतं बघते आहे.

डोळे उघडा. दोन शब्द. म्हटले की संपलं.

पण पुढचीच ओळ ओठांची आहे. तो इथे आहे, इतका जवळ— एक ओळ वाचते. त्याचं ऐकते, लगेच थांबवते—

वाचली.

तोंडं उघडली. आठही. माझ्याकडे वळून.

शब्द नाही.

नुसतं पाणी. हनुवटीवरून, चटयांवर— काही सांगायचं नाही त्याला, काहीच नाही, नुसतं पाणी—

डोळे उघडा म्हणायला गेले. आवाज नाही. माझ्याही गळ्यापर्यंत—

लिहून दाखवते. मोठ्या अक्षरात. वही वर धरते—

डोळे उघडा

डोळे उघडा

पण त्यांचे डोळे तर मिट