ओटमारने सोडलेली फट

प्रिय लिओबा,

(मठाची मदर झालीस, आता अहोजाहो करायला हवं, पण एका बाकावर बसून तुझ्या वेणीला शाई मीच लावली होती, तेव्हा ते जमणार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मधमाश्या हिवाळ्यातून निभावल्या ना?

तुझं पत्र पोचलं. मठाच्या शताब्दीला आमच्या कारखान्याने दिलेली पवित्र भाकरीची डबी भर मिस्सेच्या प्रार्थनेत उघडलीच नाही, बिशपांनी आधी आशीर्वादाच्या हाताने आणि मग दातओठ खाऊन झाकण ओढलं, हे वाचून मी लाजेने स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मालकांना मी सांगून टाकलं, "कॉम्प्युटर चुकला." लिओबा, ते खोटं आहे.

झालं असं की डबी आणि झाकणात किती फट ठेवायची हे आता आमच्याकडे कृत्रिम बुद्धी ठरवते, आणि ती शिकली माझ्या चाळीस वर्षांच्या ड्रॉइंगांवरून. मी मुळात घाबरट. (सिस्टर पेट्रोनिला वहीचा समास पट्टीने मोजायच्या, आठवतं?) जिथे पाच शतांश मिलिमीटर फट हवी, तिथे मी एकच लिहायची. कॉम्प्युटरने माझी भीती तंतोतंत उचलली आणि धातू कापणाऱ्या नव्या स्वयंचलित लेथने ती निमूट कापली.

मग चाळीस वर्षं आमच्या डब्या उघडत कशा होत्या? लेथवरच्या ओटमारमुळे. तो माझा आकडा वाचायचा, मान हलवायचा आणि स्वतःच्या अंदाजाने फट सोडायचा. एकदा मी त्याला पकडलं तर म्हणाला, "रोस्विताबाई, हे झाकण आहे, लग्न नव्हे. सुटायला हवं!" मी तक्रार केली. त्याला लेखी ताकीद मिळाली. तो निवृत्त झाला त्या दिवशी सगळ्यांनी केक आणले. मी दाढ दुखते म्हणून घरी बसले. (दाढ ठणठणीत होती.)

तुझी,
रोस्विता

ता. क. मालकांना आता ओटमारचे आकडे हवे आहेत, कॉम्प्युटरला शिकवायला. त्याने ते कुठेच लिहिलेले नाहीत, आणि तो तुमच्याच मठाच्या वृद्धाश्रमात आहे. हे पत्र लिहायला मला त्यांनीच बसवलं.

ता. क. २. आकडे विचारू नकोस. फक्त डबी त्याच्या हातात दे. तो झाकण दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत बसेल, धातू जरा फुगून सुटेपर्यंत. घाई करू नकोस. उघडलं की "रोस्विता चुकली होती" एवढं म्हण. मोठ्याने म्हण, त्याला कमी ऐकू येतं. सगळ्या जेवणघराला कळलं तरी चालेल. रविवारी मी केक घेऊन येते.