बागेतल्या घराच्या जिन्यावरचा दांडा

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
सार्वजनिक उद्यान विभाग, नगरपालिका

विषय : उद्यानातील जुन्या घराच्या जिन्याचा भिंतीकडील लाकडी दांडा परत बसवण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपली दोन उत्तरे.

महोदय,

१. ही गोष्ट सन १९५१ची. लाकडाच्या एका व्यापाऱ्याने १८८४ साली बांधलेले हे व्हिक्टोरियन घर तोवर बागेसकट नगरपालिकेकडे आले होते. माझे वडील तेथे रखवालदार होते व आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहत असू. लाल विटा, उतरते छप्पर आणि वरच्या मजल्यावर भिंतीबाहेर आलेली, तीन बाजूंनी रंगीत काचांची खिडकी. त्या वर्षी तापात माझ्या थोरल्या बहिणीची दृष्टी गेली. ती नऊ वर्षांची होती. त्या खिडकीतल्या बैठकीवर बसल्याखेरीज तिला चैन पडत नसे. गालावरचे ऊन कोणत्या रंगाच्या काचेतून येते ते आपल्याला कळते, असे ती सांगे. आम्ही कधी तपासले नाही.

२. जिना मध्येच वळतो. वळणावरच्या पायऱ्या भिंतीकडे रुंद व लोखंडी नक्षीच्या कठड्याकडे निमुळत्या आहेत. कठडा धरणाऱ्याचे पाऊल अरुंद टोकावर पडते. ताई दोनदा पडली. तेव्हा वडिलांनी सुताराला गाठून भिंतीच्या बाजूने दांडा ठोकून घेतला. "साहेबांना विचारलंत का?" असे सुताराने विचारले. वडील म्हणाले, "साहेबांना दिसतं. त्यांना कशाला विचारायचं?" पुढे वर वाचनालय झाले, तरी ताई त्या दांड्याच्या आधाराने रोज खिडकीपाशी जात राहिली.

३. गेल्या वर्षी घर मूळ रूपात आणण्यात आले. काम देखणे झाले आहे, हे मुद्दाम लिहिते. दांडा मूळचा नाही म्हणून काढला. पहिल्या अर्जावर आपण मूळ कठडा वापरण्यास कळवले. दुसऱ्यावर, शंभर वर्षे झालेल्या वस्तूच जतनास पात्र असल्याचे कळवले. दांड्याला २०५१ साली शंभर वर्षे होतील. ताई तेव्हा एकशे नऊ वर्षांची असेल. तिसऱ्या अर्जाला उत्तर न आल्याने मी समक्ष आले. आपले लिपिक म्हणाले, "आजी, दांड्याची नोंदच नाही. जे नव्हतंच ते काढलं, असं कसं लिहू?" त्यांनी चहाही पाजला. तो पिऊन उठून आले.

४. ताईला मी धरून न्यावे, तर मलाच धरायला कोणी तरी लागते. दांडा शक्य नसल्यास सकाळी तासभर दोर बांधू द्यावा. तोही मूळ रूपास बाधक असल्यास खिडकीतली बैठक खाली आणावी, असे लिहिणार होते. पण खाली ऊन येत नाही.

५. वडील १९७० साली याच नोकरीत वारले. सुतार मुलीकडे परगावी गेला व तेथेच संपला. जिन्याचे काम पाहणारे तज्ज्ञ दुसऱ्या जुन्या घराच्या कामाला लागले. लिपिकांची बदली झाल्याचे कळले. ताई रोज माझ्याबरोबर बागेत येते, घरासमोरच्या बाकावर बसते आणि विचारते, "झालं का गं काम?" मी म्हणते, "चालू आहे." दांडा बसवणे होणार नसेल, तर उद्यापासून तिला काय सांगावे, तेवढे तरी कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र,
(सही)
पूर्वीच्या रखवालदारांची धाकटी मुलगी
दि. १२ फेब्रुवारी २०२४

सोबत : ताईच्या दृष्टीबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र. दांड्याचा फोटो आमच्याकडे नाही.