उद्या सांगते

कारेगाव, ता. शिरूर
६ जुलै २०२५

ती. आक्कांस,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं तसं नाही. तुम्हाला फोनवर माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहावं तर ते भाग्यश्रीच्या डोळ्यांखालून जातं. म्हणून पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं. खिडकीवरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

यांची कंपनीतली ड्युटी आता पहिल्या शिफ्टला आहे. पगारवाढीची नुसती चर्चा. घरमालकानं पाण्याची नवी टाकी बसवली, त्यामुळे आमच्या चाळीतली भांडणं निम्म्यावर आली.

काळजी आहे ती भाग्यश्रीची. दहावीचं वर्ष, आणि पोरगी पार बदलून गेली आहे. ताटात बोटं फिरवते आणि उठते. डोळे खोल गेलेत. काही विचारलं तर अंगावर येते. मोबाईल मात्र हातातून सुटत नाही. संध्याकाळ झाली की जिन्यात जाऊन बसते आणि हळू आवाजात बोलते. एकदा मी कपडे काढायला गेले तेव्हा कानावर पडलं. वरच्या खोलीतला तो तिला घेऊन पळणार की नाही, असं काहीतरी चाललं होतं. वरच्या खोलीत तर बिहारची चार माणसं राहतात, बायको-पोरं गावी असलेली.

मी यांना सांगितलं. यांनी परवा मोबाईल काढून घेतला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. मला वाटलं होतं, पोरगी आदळआपट करेल. तसं काही केलं नाही, आक्का. तिनं यांचे पाय धरले. फक्त संध्याकाळी पाच मिनिटं द्या, तुमच्यासमोर बोलते, असं म्हणत राहिली. यांनी पाय सोडवून घेतले आणि ड्युटीला गेले. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असते.

तुम्ही इतकी वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली. मला काही सुचत नाही. काय करावं ते कळवा.

तुमची माया माझ्या नावात आहेच, मनातही असू द्या.

तुमची,
माया

---

राहू, ता. दौंड
११ जुलै २०२५

चि. सौ. मायास,
ताईबाईचा आशीर्वाद आन् जयभीम.

पत्र पोचलं. पोस्टमननं ते हातात देताना मला म्हातारीला कोण लिहितंय म्हणून लई चौकशी केली. मी म्हणलं, मला स्थळ आलंय.

काल पुनवंपासून वर्षावास सुरू झाला. विहारात रोज वाचन असतंय. मी म्होरंच बसते, तरी अर्धं ऐकू येत न्हाई. कानातलं मशीन शिट्ट्या मारतंय, मंग समद्या बाया माझ्याकडं बघत्यात. ऊस बरा हाय. गुडघा बरा न्हाई.

आता भाग्यश्रीचं. महेंद्रनं मोबाईल काढून घेतला ते मला बरंच वाटलं. ह्या वयात पाय घसरायला चिखल लागत न्हाई. कुण्या पोराच्या नादाला लागली असंल तर लवकर आवर घातलेला बरा. मारू नका, पर ढिलंबी सोडू नका.

पर एक गोष्ट माझ्या मनात टोचती. पोरगी हौसंपायी बापाचे पाय धरत न्हाई. रुसंल, रडंल, उपाशी राहील, पर पाय? तू तिच्यासमोर बसून नीट विचार. न्हाई सांगितलं तर चार दिस माझ्याकडं धाड. मला ऐकू येत न्हाई, तवा मी लेक्चर देत न्हाई, ह्यो माझा मोठा गुण हाय.

महेंद्रला म्हणावं, बहिणीलाबी कधीतरी तोंड दाखव. लोभ आटवू नका.

तुझी,
आक्का

---

राहू
१८ जुलै २०२५

चि. सौ. मायास,
आशीर्वाद.

मंगळवारी शेजारच्या जालिंदरच्या फोनवरनं तुला निरोप गेला की पोरगी हितं हाय, सुखरूप हाय. त्याच सांजंला महेंद्र येऊन गेला. पर माझा भाऊ मला ठावा हाय. त्यानं तुला निम्मंच सांगितलं आसंल, आन् निम्मं त्याच्या गळ्यात अडकलं आसंल. म्हणून समदं सविस्तर लिवते. बसून वाच.

मंगळवारी सकाळी मी अंगणात ज्वारी निवडत होते. वर बघितलं तर फुडं भाग्यश्री, शाळंच्या ड्रेसवर, पाठीला दप्तर. शाळंत जाते म्हणून निघाली आन् एसटीनं चौफुल्याला उतरली. तिथनं वडापच्या जीपनं राहूला आली. तोंड पांढरं पडलेलं. मी भाकरी वाढली, ती खाईना. काहीतरी बोलायला लागली, पर लई हळू. शेजारच्या गिताबाईचे कान लई तिखट, म्हणून ती घाबरत होती. मंग माझा हात धरून मला वढत नदीकडं घेऊन गेली. मशीन घरातच राहिलं.

काठावर उभी राहून ती बोलली. मला तिचे व्हट हललेले दिसले, ऐकू काय आलं न्हाई. मी कानाला हात लावला. ती परत बोलली. मी परत मान हलवली. तवा त्या पोरीनं डोळं मिटलं, दोन्ही मुठी आवळल्या आन् बेंबीच्या देठापासनं वरडली. आत्या, रुबी मरायचं म्हणतीय!

काठावरचे बगळे उडाले. पल्याडचा माणूस पाण्याची मोटार चालू करता करता थांबला. माया, माझ्या बहिऱ्या कानाला त्यातला शब्दनशब्द ऐकू आला.

रुबी तुला ठावी हाय. तुमच्या चाळीत ऱ्हायला होती ती, सुभान टायरवाल्याची लेक. गेल्या साली त्यांनी यवतला हायवेवर दुकान टाकलं आन् तिकडं गेले. नवी शाळा, वळख कुणाची न्हाई. थंडीच्या दिसांत तिनं भाग्यश्रीला सांगितलं की मला जगायचं न्हाई. वर शपथ घातली, कुणाला सांगशील तर आजच संपवीन. त्या दिसापासनं आपली पोर रोज सांजंला तिच्याशी बोलत होती.

आन् काय बोलत होती ते ऐक. तुमच्या वरच्या खोलीत एक पोरगा राहतो, त्याचं एका पोरीवर मन बसलंय, घरचे न्हाई म्हणत्यात, आता तो तिला घेऊन पळणार की न्हाई, अशी रोज नवी गोष्ट. रोज आईन टायमाला थांबायची आन् म्हणायची, फुडचं उद्या सांगते. रुबीनं उद्याची वाट बघावी म्हणून. असा पोरगाबी न्हाई आन् पोरगीबी न्हाई. समदं हिच्या डोक्यातलं. थंडी गेली, उन्हाळा गेला, पाऊस आला, ह्या लेकरानं रोज एक उद्या तयार केला.

मी जल्मभर पोरांना गोष्टी सांगितल्या. असली गोष्ट मी बघितली न्हाई, ऐकली न्हाई. मी तिच्या तोंडाकडं बघत तशीच काठावर खाली बसले. आन् हिला म्या पाय घसरलेली म्हणलं होतं.

मोबाईल गेला आन् गोष्ट तुटली. तिला यवतचं घर ठावं नव्हतं, एकटीनं जायची छातीबी हुईना. म्हणून ती माझ्याकडं आली. आमी रिक्षा करून तडक यवतला गेलो. दुकान सापडलं. रुबी मागच्या खोलीत बसलेली होती. जित्ती होती. तिला बघून भाग्यश्री उंबऱ्यातच बसली.

मी सुभानला सांगितलं. तो आधी हसला, मंग भडकला. त्याचं म्हणणं, घरात खायला हाय, ल्यायला हाय, पोरीला कसलं दुःख. त्याच्या बायकोनं, बेगमनं मातुर शिलाईची मशीन थांबवली, लेकीजवळ जाऊन बसली आन् सरळ विचारलं, बेटा, मरावंसं वाटतंय का. मला वाटलं, असं तोंडावर विचारावं का. पर रुबीनं मान हलवली आन् आईच्या मांडीत कोसळली. सुभान दाराला टेकून खाली बसला. त्याचं तोंड बघवंना.

दुसऱ्या दिशी दौंडला मनाच्या डॉक्टरीण बाईंकडं समदे गेलो. महेंद्रनं पैल्या दिशी मोबाईल आणून लेकीच्या हातात दिला होता. तोबी रजा टाकून आला. बाई म्हणाल्या, बेगमनं सरळ विचारलं ते लई चांगलं केलं. विचारल्यानं पोरांच्या डोक्यात ते येत न्हाई, आलेलं बाहेर पडायला वाट मिळती. काही दिस तिला एकटीला ठेवायचं न्हाई, जिवाला धोका हुईल असं काय हाताशी ठेवायचं न्हाई, आन् औषध चुकवायचं न्हाई. सुभान सारखा कारण विचारत व्हता. बाई त्याला म्हणाल्या, पोरगी तापानं फणफणली तर आधी ताप उतरवता का आधी भांडण काढता की ताप का आला?

भाग्यश्रीलाबी त्यांनी तासभर बसवून घेतलं. एवढं वझं लेकरानं एकटीनं न्यायचं नसतं, मोठ्यांना सांगितलं ही दगाबाजी न्हाई, असं समजावलं. पर रुबी तिच्याशी बोलत न्हाई. शपथ मोडली म्हणून तोंड फिरवून बसली. भाग्यश्री तिला एवढंच म्हणाली की तू जलमभर बोलू नको, पर जलमभर ऱ्हा.

रविवारी तिला धाडते. तिला काय इचारू नको. नुसती जवळ बस.

आपल्या लेकरांची सावली आपल्यावर राहो, असंच आज म्हणावं वाटतंय.

तुझी,
आक्का

---

कारेगाव
३ ऑगस्ट २०२५

ती. आक्कांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी दारात उभी राहून वाचायला लागले आणि खाली बसून संपवलं. यांनीही वाचलं.

आक्का, मी या पोरीला कांदा चिरताना सुरी जपून धर म्हणून ओरडत होते. आणि ती त्या वेळी दुसऱ्याचा जीव हातात धरून बसली होती. पोटी जन्मली म्हणून मला वाटायचं, हिच्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. आता ती घरात वावरते तेव्हा मी चोरून तिच्याकडे बघते. एखाद्या मोठ्या डोंगराशेजारी इतकी वर्षं राहावं आणि धुकं हटल्यावर तो दिसावा, तसं झालंय.

आल्या आल्या ती झोपली. नुसती झोपत होती. मग रडायला लागली, दोन दिवस थांबेना. मी घाबरून डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रडू द्या, इतके महिने तिला सवड नव्हती. आता पंधरा दिवसांतून एकदा आम्ही दौंडला जातो. बाई आधी तिच्याशी बोलतात, मग आम्हा दोघांशी.

बाईंसमोर तिनं एक गोष्ट सांगितली ती मला रात्रंदिवस ऐकू येते. मी विचारलं होतं, बाळा, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही ऐकायच्या आधी निकाल देता. रागानं म्हणाली नाही. यवतला एसटी किती वाजता आहे, हे सांगावं तसं म्हणाली.

म्हणून आता आमची दोघांची शाळा सुरू आहे. तुमच्या भावाची गंमत सांगते. पहिल्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवून विचारलं, आज मनाची पोझिशन काय आहे, जसा सुपरवायझर मशीनची विचारतो. ती हसली, आक्का. कितीतरी दिवसांनी हसली. आता ते तिच्यासोबत भाजी निवडायला बसतात. ती काही सांगायला लागली आणि यांच्या जिभेवर सल्ला आला की उठून पाणी पितात. रोज निम्मा माठ रिकामा होतो. मलाही सोपं जात नाही. ती शाळेतलं काही सांगते आणि माझ्या तोंडात आधी हे वाक्य येतं, तूच काहीतरी केलं असशील. ते गिळते. गिळलं की ती पुढचं सांगते, आणि त्या पुढच्यातच खरं असतं.

रुबीचा फोन मात्र नाही. बेगमभाभी मला रोज कळवतात. औषध सुरू आहे, थोडं खाते, एकदा पुरी मागून घेतली. भाग्यश्री विचारते, माझ्याबद्दल काही म्हणाली का. मी खरं सांगते की नाही. ती मान हलवते आणि अभ्यासाला बसते. तिच्या जागी मी असते तर यवतला जाऊन भांडले असते.

गुडघ्याला तेल लावत जा. इकडच्या तिघांना मनातल्या घरात जागा असू द्या.

तुमची,
माया

---

राहू
२२ ऑगस्ट २०२५

चि. महेंद्रास,
आशीर्वाद.

बायकोच्या पत्रात तुझी गंमत वाचली. विहारात आठवून हसू फुटलं, मशीननंबी शिट्टी मारली.

मी काल यवतला जाऊन आले. सुभान दुकानात पंक्चर काढत होता आन् रुबी त्याच्या शेजारी स्टुलावर बसली होती. बाप तिला पाना मागत होता, ती चुकीचा देत होती, आन् तो काय न बोलता तोच वापरून बघत होता. मला बघून तो कानात म्हणाला, आक्का, आता मी दुपारचं दुकान हिच्याबिगर उघडत न्हाई. मग डोळं पुसाया आत गेला. आपण लेकरांना वळण लावतो म्हणतो. ह्या साली लेकरांनी आपल्याला लावलं.

रुबीला मी भाग्यश्रीचं काय बोलले न्हाई. तिनंच रस्त्यापर्यंत सोडायला येताना इचारलं की ती दहावीचा अभ्यास करती का. मी म्हणलं करती. ती बरं म्हणाली. एवढंच. पर माझी रिक्षा दिसंनाशी होईस्तोर उभी होती.

थोरल्या बहिणीचा हात डोक्यावर हाय असं समज.

तुझी,
आक्का

---

कारेगाव
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कांस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल रविवारी काय झालं ते लगेच लिहिते आहे.

सकाळी दारात रिक्षा थांबली. बेगमभाभी उतरल्या, मागून रुबी. कळवलं नव्हतं. मी पोळ्या लाटत होते, पिठाचे हात घेऊन तशीच उभी राहिले. भाग्यश्री आतून आली आणि दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. रुबीनं पहिलं काय विचारलं असेल? विचारलं, की मग तो तिला घेऊन पळाला की नाही.

भाग्यश्री म्हणाली, असा कुणी नाहीच. रुबी म्हणाली, मला थंडीतच कळलं होतं, वरच्या खोलीत कोण राहतं ते काय मला ठाऊक नाही? तरी मी रोज ऐकत होते, कारण तू इतकं खोटं कुणासाठी रचतेस ते मला दिसत होतं.

आक्का, हे ऐकून आम्हा दोघी आयांना जागचं हलता येईना. या दोन पोरी एकमेकींना किती ओळखून होत्या, आणि आम्ही शेजारच्या खोल्यांत स्वयंपाक करत होतो.

मग त्या भांडल्या, खूप जोरात. शपथेवरून, न आलेल्या फोनवरून, एका ओढणीवरूनही. मी मध्ये पडणार होते, बेगमभाभींनी माझा पदर धरून ठेवला. नंतर दोघींनी एका ताटात जेवण केलं. रुबी म्हणाली, अजून कधी कधी मनात अंधारून येतं, पण आता आधी अम्मीला सांगते. हे ती वरण वाढून घेताना म्हणाली, इतकं साधं.

जेवून दोघी गप्पा मारता मारता सतरंजीवर झोपून गेल्या. भर दुपार, पंख्याखाली, एकीचा हात दुसरीच्या केसांत. आम्ही दोघी उंबऱ्याशी बसून बघत होतो. दोघींच्या छात्या खालीवर होत होत्या, तेवढंच. बेगमभाभींच्या ओठांवर दुआ होती, मी हात जोडले होते. श्वास ही किती मोठी गोष्ट आहे, आक्का, रोज घरात चालू असते म्हणून आपलं लक्ष जात नाही.

इतक्यात हे ओव्हरटाइम संपवून आले. दारातून आत बघितलं आणि बूट बाहेरच काढले, अगदी आवाज न करता. तेवढ्यात कांदे-लसणाचा टेम्पो भोंगा वाजवत गल्लीत शिरला. हे अनवाणी धावले. तुमचा भाऊ उन्हात रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला आणि त्या माणसाला हळू आवाजात सांगत राहिला, दादा, भोंगा बंद करा, आमच्या पोरी झोपल्यात.

सवड काढून या. सगळ्यांची वाट बघणारी,

तुमची,
माया